भांडुप ते विक्रोळी रोज सायकलने जाता येईल का?

प्रश्न: एलबीएस मार्गाने जाऊन-येऊन ९ किलोमीटर. आता स्कूटर आहे, लिटरला ४५ देते. सायकल घेतली तर धुरात खरंच फरक पडेल का? आणि पावसाळ्याचं काय?

उत्तर: पडेल. १ लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तुमचे महिन्याचे २५ दिवस धरा: २२५ किलोमीटर, ५ लिटर, म्हणजे साडेअकरा किलो. शिवाय इंजिन थंड असताना धूर जास्त घाण असतो, आणि तुमचा प्रवास छोटाच आहे.

मी याच रस्त्याने चार वर्षं जातोय. सकाळी साडेसातच्या आत निघा. गांधीनगर जंक्शनला जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या गाड्या डावीकडे वळतात, तिथे मी उतरून सायकल हाताने नेतो. मेट्रोच्या पत्र्यांमुळे रस्ता जिथे अरुंद होतो, तिथेही घाई नको. गटाराची जाळी मात्र कायम बघा. गज रस्त्याला समांतर असले की पुढचं चाक सरळ आत जातं. माझं गेलं होतं, मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये. पातळ टायर घेऊच नका. पावसात मडगार्ड हवंच, आणि साखळीला आठवड्याला तेल.

प्रश्नकर्ता: धन्यवाद दादा. गिअरची घेऊ का?

उत्तर: गरज नाही, रस्ता सपाट आहे. डबेवाल्यांच्या सायकली बघा, बिनगिअरच्या, आणि ओझं केवढं! पैसे चांगल्या ब्रेकवर आणि मागच्या लाल दिव्यावर घाला.

दुसरं उत्तर: ऑफिसात सायकल लावायला जागा आहे का, ते आधी विचारा. आमच्याकडे वॉचमन आत घेत नव्हता. आम्ही सातजणांनी मिळून अर्ज दिला, तेव्हा जिन्याखाली जागा मिळाली.