भाचीने नवं औषध शोधणाऱ्या बारक्या कंपनीत जावं का?

ठाणेकर मामा: भाची बायोटेकमध्ये एमएस्सी झाली. हातात दोन नोकऱ्या आहेत. एक अंधेरीच्या जेनेरिक कंपनीत (दुसऱ्यांनी शोधलेली औषधं स्वस्तात बनवणाऱ्या) क्यूसीला, म्हणजे दर्जा तपासायला. दुसरी नवी मुंबईतल्या बारक्या कंपनीत, तिथे प्रथिनाचा आकार पार अणूपर्यंत पाहून त्यात बसेल असा रेणू शोधतात. पगार कमी. घरात दोन तट पडलेत. मी म्हणतो, दुसरीच घे. नकला किती दिवस करायच्या?

परळचा केमिस्ट: 'नकला' म्हणताना जीभ आवरा, मामा. 2001 मध्ये सिप्लाने एचआयव्हीची तीन औषधं मिळून एका रुग्णाला वर्षाला 350 डॉलरमध्ये देऊ केली, तेव्हा परदेशी कंपन्या 10 हजारांच्या वर घेत होत्या. माझ्या काउंटरवर लोक भाव विचारतात, प्रथिनाचा आकार नाही.

मध्य रेल्वे: ती तीन औषधं आधी कुणी शोधली होती? आणि 2005 पासून आपल्याकडे प्रॉडक्ट पेटंट आहे, म्हणजे औषधावरच हक्क; पूर्वीसारखी वेगळ्या पद्धतीने तेच औषध बनवायची मोकळीक नाही.

कोडवाला: पण आकार तर आता फुकटात मिळतो. अल्फाफोल्ड, प्रथिनाचा आकार ओळखणारं एआय! 2024 चं रसायनशास्त्राचं नोबेल वाचलं नाही का? अशा कंपन्यांचं काम संपलं.

थेंबवाली: सात वर्षं हेच काम केलंय, म्हणून बोलते. केरास (KRAS) हे कॅन्सरमधलं प्रथिन तीसेक वर्षं 'गुळगुळीत', म्हणजे रेणू बसायला खाचच नाही, म्हणून सोडून दिलेलं. 2013 मध्ये अमेरिकेतले शास्त्रज्ञ शोकाट यांच्या प्रयोगशाळेत त्याच्या जी12सी या बदललेल्या रूपाला रेणू चिकटला, तेव्हा कुठे खाली खाच उघडलेली दिसली. आधीच्या रचनांत ती नव्हतीच. औषध बाजारात यायला 2021 उजाडलं. रिकाम्या प्रथिनाचा अंदाज कितीही छान असला तरी अशी खाच एक्स-रेने पाहायला प्रथिनाचा रेणूसकटचा स्फटिक लागतो, हो.

आणि तो येता येत नाही. ट्रेमध्ये शेकड्यांनी थेंब, रोज मायक्रोस्कोपखाली बघायचे. एकदा सुंदर टोकदार स्फटिक आला, आम्ही पेढे वाटले. एक्स-रेत निघालं मीठ! (थेंबात स्फटिक तयार व्हायला लागावेत म्हणून मांजराच्या मिशीचा केस आधीच्या स्फटिकाला लावून थेंबातून फिरवतात. घरची मनी तेव्हा आमच्या लॅबमध्ये प्रसिद्ध होती.)

परळचा केमिस्ट: म्हणजे 8 वर्षं पगार कोण देणार? गुंतवणूकदार पळाला की पोरगी घरी.

थेंबवाली: ते मात्र खरं. माझी कंपनी तशीच बंद पडली.

ठाणेकर मामा: धागा भाचीला दाखवला. विचारतेय, कंपनीकडे किती महिन्यांचे पैसे उरलेत हे मुलाखतीत विचारलं तर चालतं का?