मदत हवी आहे: जुन्या जिप्सीला उन्हाळ्यात कोणतं इंजिन ऑइल?

मोहर्लीरोड
उद्या सकाळी जिप्सीचं ऑइल बदलायचं आहे. दुकानदार २०डब्ल्यू-५० घ्या म्हणतो. मिस्त्री म्हणतो १५डब्ल्यू-४०च टाका, जाड टाकू नका. मे महिना आहे, चंद्रपूरचं ऊन सगळ्यांना माहीत आहे. दोन्हीपैकी कोणतं? दुकान आठला बंद होतं, लवकर सांगा.

तेराचा_पाना
जिप्सी कोणती? ९७० सीसीची, १.३ कार्बोरेटरची की २००० नंतरची १६ व्हॉल्व्हची एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणारी)? किती चालली? हजार किलोमीटरला किती ऑइल खाते? आत्ता आत काय आहे आणि ते कधी टाकलं? यातलं काहीच न कळता ग्रेड सांगणं म्हणजे पेशंट न बघता गोळी देणं.

फुल्लीसिंथेटिक
५डब्ल्यू-४० सिंथेटिक टाका, उन्हाळा-हिवाळा दोन्ही निभावतं. मिनरल ऑइल उन्हात लवकर ऑक्सिडाइज होतं, त्याचा चिकट थर बसतो. साडेतीन-चार लिटरला खर्च जास्त येतो, पण इंजिन वाचतं.

जुनं_ते_लोखंड
जुन्या गाडीला सिंथेटिक अजिबात नको. सील गळायला लागतात. दीड लाखाच्या पुढे गेलेल्या पेट्रोल गाडीला २०डब्ल्यू-५०, विषय संपला.

फुल्लीसिंथेटिक
सील सिंथेटिकमुळे गळत नाहीत. आधीच कडक झालेलं सील मळीने बुजलेलं असतं. चांगलं ऑइल ती मळी धुतं आणि गळती दिसायला लागते. सील बदला, ऑइलला दोष देऊ नका.

मोहर्लीरोड
२००७ची एमपीएफआय, १ लाख ९० हजार. पेट्रोलवरच, गॅस किट नाही. ऑइल फार खात नाही, दोन हजारला अर्धा लिटर. आत १५डब्ल्यू-४०च आहे, बदलून साधारण ६,००० झाले. सफारीला चालते. आता सांगा, ४० की ५०?

डिपस्टिक
आधी आकड्यांचा घोळ निस्तरू. 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंडीतला. २०डब्ल्यूची सेल्फ मारण्याची चाचणी उणे १५ अंशांना होते, १५डब्ल्यूची उणे २०ला, ५डब्ल्यूची उणे ३०ला. मे महिन्यात चंद्रपुरात त्याचा काडीचाही संबंध नाही. नंतरचा आकडा गरम ऑइलचा. १०० अंशांना ४०चं ऑइल १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक (दाटपणाचं माप), ५०चं १६.३ ते २१.९. म्हणजे १५डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-४० तापल्यावर एकाच वर्गातली. तुमचा खरा प्रश्न ४० की ५० एवढाच, आणि तो चेंबरमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळाशी साठलेलं, ऑइल किती तापतं यावर ठरतो. बाहेरच्या ४६ अंशांवर थेट नाही.

तेराचा_पाना
सफारी हे पहिल्याच ओळीत यायला हवं होतं. ताडोबात गाडी ताशी १५-२०ने, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चालते आणि वाघ दिसला की उभी राहते. तुमचे ६,००० किलोमीटर म्हणजे तीनशे ते चारशे तास. रस्त्यावर ताशी ५०ने चालणाऱ्या गाडीचे ५,००० म्हणजे शंभर तास. तुमचं ऑइल तिप्पट काम करून बसलंय.

मल्टिग्रेडमध्ये दाटपणा टिकवणारं पॉलिमर असतं, ते बेअरिंग आणि पंपात चिरडून तुटतं. त्यात थोडं पेट्रोल मिसळतं. आज चेंबरमध्ये आहे ते बहुधा ४० राहिलेलंच नाही. म्हणून पुन्हा विचारतो, ग्रेड बदलावंसं का वाटलं? काही लक्षण दिसलं का?

मोहर्लीरोड
हो, ते राहिलंच. सफारीत तासाभराने गाडी उभी केली की ऑइलचा लाल दिवा मिणमिणतो. ॲक्सिलरेटर दिला की जातो. मिस्त्री म्हणाला जुन्या गाडीत होतंच. म्हणून जाड टाकावं म्हटलं.

जुनं_ते_लोखंड
मग तर २०डब्ल्यू-५०च. दिवा जाईल.

तेराचा_पाना
दिवा जाईल, आजार राहील! हा दिवा अगदी शेवटच्या टोकाला पेटतो, प्रेशर जवळपास संपल्यावर. 'होतंच' म्हणून त्यावर गाडी चालवायची नाही. उद्या एवढं करा.

१. गाडी गरम करून जुनं ऑइल काढा. ड्रेन बोल्टचा वॉशर नवा घाला. फिल्टर बदलाच. नव्या फिल्टरच्या रबरी रिंगेला बोटाने ऑइल लावा आणि हातानेच आवळा.
२. ताजं १५डब्ल्यू-४०, डब्यावर एपीआय एसएल (पेट्रोल इंजिनाच्या ऑइलचा दर्जा) किंवा त्यानंतरचं. साडेतीन लिटर ओता, उभ्या गाडीत इंजिन दोन मिनिटं चालू ठेवा, पाच मिनिटं थांबा, मग डिपस्टिक बघत वरच्या खुणेपर्यंत भरा. खुणेच्या वर नको, क्रँक ऑइल घुसळते, फेस होतो आणि पंप हवा ओढतो.
३. प्रेशर स्विच काढून तिथे काट्याचं गेज लावा. मिस्त्रीकडे नसलं तर डिझेल इंजिनाचे पंप दुरुस्त करणाऱ्याकडे विचारा. थंड असताना, मग तासभर सफारीसारखी हळू चालवून आयडलला (ॲक्सिलरेटर न देता) आणि ३,००० आरपीएमला, अशी तीन रीडिंग इथे टाका.
४. ऑइल ओतायची कॅप उलटी करा आणि नखाने खरवडा. पिवळट-तपकिरी पातळ थर असेल तर ठीक. चिकीसारखे काळे कण निघाले तर पंप ज्यातून ऑइल ओढतो त्या चेंबरमधल्या जाळीवरही तेच बसलेलं असणार.

रॅम्पवरून
फ्लशिंग ऑइलने एकदा धुऊन घेतलं तर? दहा मिनिटांचं काम.

तेराचा_पाना
नको. इतक्या जुन्या इंजिनात फ्लशने मळी विरघळत नाही, तिचे खवले सुटतात आणि ते सरळ जाळीवर जातात. मळी असेल तर १,५०० किलोमीटरला एक असे दोन-तीन ऑइल बदल करा, हळूहळू निघते.

रॅम्पवरून
किंवा ट्रकच्या डिझेल इंजिनाचं सीआय-४ ऑइल. त्यात साफ करणारी रसायनं जास्त असतात आणि स्वस्तही पडतं.

डिपस्टिक
२००७च्या पेट्रोल गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणारा भाग) आहे. सीआय-४मध्ये फॉस्फरस आणि राख जास्त. जे ऑइल जळतं त्यातलं फॉस्फरस कन्व्हर्टरवर बसतं. गाडी दोन हजारला अर्धा लिटर जाळते आहे, म्हणून नकोच.

गिअरचा_राजा
गिअरबॉक्समध्ये जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल टाकू नका. सिंक्रोच्या (गिअर अलगद पडायला मदत करणाऱ्या) पितळी रिंगा झिजतात. जीएल-४ ८०डब्ल्यू-९० टाका. ट्रान्सफर केसचं (फोर-व्हील ड्राइव्हच्या गिअर पेटीचं) ऑइलही तपासा, पाण्यातून गेलेल्या गाडीत ते दुधाळ होतं.

मोहर्लीरोड
गिअरबॉक्सचं नंतर बघतो. १५डब्ल्यू-४० टाकलं, फिल्टर नवा. कॅपखाली तपकिरी थर होता, काळे कण नाहीत. गेजवर थंड असताना ४ बार. तासाभराने आयडलला ०.६, ३,०००ला ३. दिवा लागला नाही, पण ०.६ मला कमी वाटतं.

तेराचा_पाना
रीडिंग चांगली आहेत. आरपीएमबरोबर प्रेशर असं चढतंय, म्हणजे जाळी आणि रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर सोडून देणारा) ठीक. जाळी तुंबली की वरच्या आरपीएमला काटा अडतो किंवा उलटा खाली येतो. व्हॉल्व्ह उघडा अडकला तर सगळीकडेच कमी दाखवतो. बेअरिंग थोडी झिजली आहेत, १.९ लाखाला ते अपेक्षित आहे.

आता ऑइल इतकं तापतं का ते शोधा. गरम इंजिन बंद करून रेडिएटरचा पंखा हाताने फिरवा. जड लागायला हवा. सुसाट फिरला तर पंख्याच्या क्लचमधलं सिलिकॉन गेलं. ताशी १५च्या वेगाला समोरून वारा येत नाही, सगळी भिस्त पंख्यावर. मग रेडिएटरच्या पाकळ्या बघा, जंगलातली धूळ आणि गवताचं कुसळ आत गच्च बसतं. इंजिनाच्या बाजूने, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. जोराचा फवारा मारलात तर पाकळ्या वाकतात.

मोहर्लीरोड
पंखा भिंगरीसारखा फिरत होता. पंख्याचा क्लच बदलला, रेडिएटरमधून मूठभर कुसळ निघालं. आता तासाभरानंतर आयडलला ०.९. म्हणजे ५०ची गरज नव्हती?

जुनं_ते_लोखंड
५० टाकलं तर १.२ येईल. जास्त प्रेशर चांगलंच.

डिपस्टिक
प्रेशर म्हणजे प्रवाह नव्हे. जाड ऑइलने काटा वर जातो, पण बेअरिंगमधून कमी ऑइल वाहतं आणि तिथली उष्णता तेच बाहेर नेतं. सगळं दुरुस्त करूनही आयडलला ०.५च्या खाली जात असेल तर ५० योग्य. इथे तशी वेळ नाही.

मोहर्लीरोड
अजून एक. डिसेंबरमध्ये हीच गाडी हिमाचलात स्पितीला न्यायची आहे, काझापर्यंत. हेच ऑइल चालेल ना?

तेराचा_पाना
नाही! काझात हिवाळ्यात पहाटे उणे २५ सहज होतं. १५डब्ल्यू उणे २०लाच हद्दीवर येतं. सेल्फ कण्हत फिरेल, आणि चुकून गाडी चालू झालीच तर ऑइल वर पोचेपर्यंत व्हॉल्व्ह उघडणारे रॉकर कोरडे घासतील. इथे मात्र फुल्लीसिंथेटिक म्हणतात ते बरोबर, ५डब्ल्यू-४०. चंद्रपुरातच भरून निघा, तिथल्या डिसेंबरलाही ते चालतं. ५डब्ल्यू-३० नको, परतीच्या वाटेवर मैदानात पातळ पडेल.

हिमालयवाट
मनालीवरून जायचा बेत असेल तर सोडा, कुंझुम घाट हिवाळ्यात बंद असतो. सिमला, रामपूर, रेकाँग पिओ, नाको असं जावं लागतं. बॅटरी निघण्याआधी तपासा, उणे २०ला तिची ताकद निम्म्यावर येते. रेडिएटरमध्ये कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं हवं, नुसतं पाणी असेल तर ब्लॉक फुटतो.

तेराचा_पाना
आणि तिथे सकाळी गाडी चालू करून दहा मिनिटांत बंद करू नका. कॅपखाली लोण्यासारखा पांढरा फेस दिसेल. ती वाफ आहे, हेड गॅस्केट गेलं म्हणून घाबरू नका. कूलंटची पातळी तेवढी बघा. ती जागच्या जागी असेल तर तासभर सलग चालवलं की फेस निघून जातो. ताडोबात मात्र इथून पुढे किलोमीटर मोजू नका, तास मोजा. शंभर तासाला बदल, म्हणजे साधारण १,५०० ते २,००० किलोमीटर.

मोहर्लीरोड
डॅशबोर्डला वही बांधली आहे, फेरीमागे तास लिहितोय. गिअरचा_राजा, ट्रान्सफर केसचा बोल्ट काढला, ऑइल खरंच दुधाळ निघालं. त्यात किती लागतं?

गिअरचा_राजा
भरायच्या भोकातून ऑइल बाहेर ओघळायला लागेपर्यंत. गाडी सपाटीवर हवी. आणि वरचा ब्रीदर (केसमधली हवा आत-बाहेर जाण्याची वाट) उघडा आहे का बघा. तो तुंबला की गरम केस नाल्यात थंड होताना सीलमधून पाणी आत ओढते.