'देशबांधव'मधला देश केवढा?

देशबांधव म्हणजे एकाच राष्ट्राचे नागरिक, हा अर्थ आजच्या वापरापुरता बरोबर आहे. मात्र त्यातील 'देश' मुळात एवढा विस्तृत नव्हता. संस्कृतात तो प्रदेश किंवा ठिकाण दर्शवतो, आणि आमच्या वऱ्हाडातील देशमुख-देशपांडे या जुन्या महसूल अधिकाऱ्यांचा 'देश' तर परगण्यापुरताच, म्हणजे काही गावांच्या महसुली विभागापुरताच होता. 'बांधव' हा 'बंधू'पासून आला असून त्याच्या मुळाशी बांधणे या अर्थाचा 'बन्ध्' धातू आहे. अरबी 'वतन' म्हणजे जन्मभूमी. हिंदी-उर्दूत त्यावरून 'देशबांधव' याच अर्थाचा 'हमवतन' रूढ झाला, मराठीत मात्र (हा आपल्या मातीचाच गुण म्हणावा) वतन म्हणजे वंशपरंपरागत हक्क ठरला. आमच्याकडे एसटीत शेजारचा माणूस 'कोन्या गावचे जी?' असे विचारतो आणि गाव तालुक्यातलेच निघाले, की 'मंग त आपलेच' म्हणत सरकून जागा देतो. 'देशबांधव' हा शब्द भाषणाबाहेर इथे क्वचितच ऐकू येतो.