कलमी अ‍ॅव्होकॅडो: जागा एकाच झाडाची, हास लावू की फ्युएर्ते?

प्रश्न
बाठ्यापासून वाढवलेलं माझं झाड आठ वर्षांचं झालं. छपराच्या वर गेलंय, पण अजून मोहोर नाही. म्हणून हास किंवा फ्युएर्ते जातीचं कलमी रोप आणायचं म्हणतेय. एकटं झाड फळ धरेल का? माती चिकण आहे, जुनं झाड उंचवट्यावर आहे म्हणून टिकलं. बाकी सगळीकडे पावसाचं पाणी दिवसभर साचतं. नव्यासाठी जुनं तोडावं लागेल, आणि तिथेच माझा पाय अडतोय.

उत्तर १
ताई, जातीच्या आधी पाण्याचं बघा. माझं पहिलं हास दुसऱ्याच पावसाळ्यात गेलं. पानं लहान आणि पिवळी पडू लागली, मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून आणखी घातलं. उपटल्यावर बारीक मुळं काळी, हातात तुटत होती. फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या जंतूने होणारी मुळकूज. या झाडाची अन्न घेणारी मुळं वरच्या वीतभर मातीतच असतात, पाणी साचलं की ती गुदमरतात आणि या जंतूला आयतं सापडतं. पुढचं रोप मी गुडघाभर उंच मातीच्या ढिगावर लावलं, वर पालापाचोळ्याचं जाड आच्छादन, खोडापासून थोडं दूर. ते जगलं.

रोप घेताना खुंट, म्हणजे ज्याच्यावर कलम बांधलंय तो खालचा मुळांचा भाग, कोणता ते विचारा. ड्यूक ७ किंवा डुसा हे खुंट मुळकुजीला बऱ्यापैकी तोंड देतात. कलमाचा सांधा मातीच्या वर ठेवा, खालून येणारी फूट लगेच खुडा.

आता जात. हास 'अ' गटातलं: फूल पहिल्या दिवशी सकाळी मादी म्हणून उघडतं, मिटतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नर म्हणून उघडतं. फ्युएर्ते 'ब' गटातलं, त्याचं वेळापत्रक उलटं. दोन्ही जवळ असली की परागण चांगलं होतं. एकटं हासही फळ धरतं, कारण हवामानानुसार या वेळा थोड्या एकमेकांत मिसळतात. फ्युएर्ते एकटं मला भरवशाचं वाटत नाही, एक वर्ष लगडतं आणि पुढचं रिकामं जातं. थंडी मात्र ते हासपेक्षा जास्त सोसतं. १९१३ च्या कॅलिफोर्नियातल्या कडाक्यात ते तगलं, म्हणून नाव 'फ्युएर्ते', स्पॅनिशमध्ये 'बळकट'.

उत्तर २
पण झाड तोडायचंच कशाला? आठ वर्षं त्याची मुळं त्या जागी टिकलीत, असा खुंट विकत मिळत नाही. कमरेएवढ्या उंचीवर खोड कापून त्यावरच पाचर कलम करा, म्हणजे खोडाला चीर पाडून त्यात काड्या बसवा. एका बाजूला हासच्या काड्या, दुसऱ्या बाजूला फ्युएर्तेच्या. एका जागेत दोन्ही गट.

प्रश्नकर्ती
हे सुचलंच नव्हतं! कधी करायचं?

उत्तर २
थंडी सरता सरता, नवी पालवी फुटायच्या आधी. काडीवरचे डोळे फुगलेले हवेत, फुटलेले नकोत. खालची एक फांदी पानांसकट ठेवा, कलमं जोर धरेपर्यंत तीच मुळांना पोसेल. कापलेल्या खोडावर आता थेट ऊन पडेल आणि साल भाजेल, म्हणून पाण्यात मिसळणारा पांढरा रंग पातळ करून फासा. फ्युएर्ते आडवं पसरतं, त्याला मोकळी बाजू द्या, नाहीतर हास सावलीत जाईल.

प्रश्नकर्ती
उगवतीची बाजू मोकळी आहे. फ्युएर्ते तिकडे.