मदत हवी आहे: आईला ६८ व्या वर्षी नटायचंय, काय घेऊ?

नमस्कार मैत्रिणींनो, मी अमळनेरची. श्रावणात आमच्याकडे कानबाई, म्हणजे आमची खानदेशातली देवी, बसते, सगळे भाऊबंद गोळा होतात आणि यंदा आईने स्वतःहून विचारलं की मला थोडी लिपस्टिक लावून देशील का, इतकं बरं वाटलं ऐकून कारण वडील गेल्यापासून तिने साधी टिकलीसुद्धा लावली नव्हती. मोठी काकू लगेच म्हणाली, "या वयात कोणाला दाखवायचंय?" मला हे अजिबात पटत नाही, तिकडे कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि आपण अजून टिकलीवरच अडलोय.

तर प्रॉब्लेम असा की पूर्वी वर्षानुवर्षं चिकटवायची टिकली लावून तिच्या कपाळावर बरोबर टिकलीएवढाच पांढरा डाग पडलाय, डॉक्टर म्हणाले गोंदातल्या केमिकलने होतं, परत चिकटवायची नाही. मग ओलं कुंकू किंवा गंध लावलेलं चालेल का, कोणाला अनुभव आहे? काळ्या डायने कानामागे खाज सुटते, त्यातल्या पीपीडी नावाच्या केमिकलने होतं म्हणे, आणि झटपट काळ्या मेंदीतही ते असू शकतं म्हणून तीही नको. पांढरे केस तसेच ठेवून छान कसे दिसतील? लिपस्टिक ओठांजवळच्या बारीक सुरकुत्यांत पसरते, आधी लायनर लावायचा का? रंग गव्हाळ आहे, मरून आवडतो तिला. तुमच्या आई, सासूबाई काय वापरतात ते नावानिशी सांगा प्लीज, जळगाव-धुळ्यात मिळेल असंच.