मदत हवी आहे: चेहरा न दाखवता पोर्ट्रेट कसं काढायचं?

नमस्कार मंडळी, मी लीड्समध्ये राहते. इथल्या पोलिश बायकांबरोबर आम्ही काही जणी चारकोल पोर्ट्रेट्स करतोय. विषय, ‘तुझं स्वातंत्र्य कशात आहे?’ बहुतेक जणी २००४ नंतर आलेल्या. पोलंड युरोपीय संघात गेला आणि ब्रिटनने कामाची दारं लगेच उघडली, तेव्हा. एकीला गोदामातलं पिवळं जाकीट घालून, हातात गाडीची किल्ली धरूनच बसायचंय. गावी गाडी कायम नवराच चालवायचा म्हणे!

दुसरी मात्र अडली आहे. पोलंडमधल्या २०२० च्या गर्भपात-निर्बंधांविरुद्धच्या मोर्चांबद्दल भरभरून बोलते, पण चेहरा नको म्हणते. पूर्वीच्या नवऱ्याने ओळखू नये म्हणून. तिचं बरोबरच आहे.

पाठमोरी किंवा नुसते हात काढले तर पोर्ट्रेट वाटेल, की फक्त लपवाछपवी दिसेल? कुणी असं काम केलंय का? शिवाय फ्रेमच्या काचेला पैसे नाहीत, तर फिक्सेटिव्हचे (चारकोल पुसला जाऊ नये म्हणून मारायचा स्प्रे) किती थर मारता?

आणि कोल्हापूरकरांनो, वळिवड्याच्या छावणीतल्या (दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ पोलिश निर्वासितांना ठेवलं होतं ती) पोलिश बायकांचे जुने फोटो कुठे बघायला मिळतील? इथे त्या छावणीबद्दल सांगितलं, तर सगळ्याच मागे लागल्यात.