मदत हवी आहे: दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांचं (रेअर अर्थ) खनिज अनेक देशांत, मग शुद्धीकरण एकाच देशात का अडकलंय?

नमस्कार. मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. गेल्या आठवड्यात वर्गात एक बंद पडलेली हार्ड डिस्क उघडली. आतला चुंबक जेमतेम बोटाच्या पेराएवढा, पण स्क्रूड्रायव्हरला असा चिकटला की दोघांनी ओढला तेव्हा सुटला. बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांच्या मोटरमध्ये असेच निओडिमियमचे चुंबक असतात, मोटर तापली तरी जोर टिकावा म्हणून त्यांत थोडं डिस्प्रोशियम घालतात, एवढं सांगून होतं न होतं तोच एका मुलीने विचारलं, "मॅडम, ही मूलद्रव्यं बऱ्याच देशांत सापडतात ना? मग चीनने हात आखडला की सगळ्यांचं का अडतं?"

मी दिलेलं उत्तर अर्धंच होतं. निओडिमियम आणि खनिजात त्याच्यासोबतच सापडणारं प्रेझिओडिमियम आवर्त सारणीत शेजारी. दोघांचे आयन तीन धनप्रभारांचे, आकारही जवळजवळ सारखा. त्यामुळे ती एकमेकांपासून वेगळी करायला खनिज आम्लात विरघळवून ते द्रावण सेंद्रिय द्रावकाशी पुन्हा पुन्हा घुसळावं लागतं (हेच द्रावक निष्कर्षण). एका फेरीत जेमतेम फरक पडतो, म्हणून शेकडो टप्पे. इथपर्यंत मी शिकवू शकते.

पण हे रसायनशास्त्र काही गुपित नाही, कित्येक दशकं पुस्तकांत आहे. तरी जगातलं सुमारे ९० टक्के शुद्धीकरण चीनमध्येच होतं. २०१० मध्ये चीनकडून येणारा पुरवठा अडला तेव्हा जपानला चटका बसला, २०११ मध्ये त्याने ही मूलद्रव्यं काढणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या लायनस कंपनीत पैसे घातले. एवढं होऊनही एप्रिल २०२५ मध्ये चीनने डिस्प्रोशियम, टर्बियमसकट सात मूलद्रव्यांच्या निर्यातीला परवाना लावला, तेव्हा बाहेरच्या वाहन उद्योगाची धावपळ उडालीच.

नेमकं अडतं कुठे? खर्चात, आम्लाच्या सांडपाण्यात आणि मोनाझाइट या खनिजातल्या किरणोत्सारी थोरियममध्ये, की हात बसलेली माणसं नाहीत म्हणून? द्रावक निष्कर्षणाच्या प्लँटवर काम केलेलं कुणी इथे असेल तर कृपया सांगा: नवा प्लँट सुरू झाल्यापासून हवी ती शुद्धता सलग मिळेपर्यंत किती काळ जातो? माझ्या मते खरी गोम इथेच आहे, खाणीत नाही.

दुसरी शंका पुनर्वापराची. युरोपीय संघाने २०३० पर्यंत धोरणात्मक कच्च्या मालाच्या (यात चुंबकांची ही मूलद्रव्यंही येतात) वार्षिक गरजेपैकी २५ टक्के पुनर्वापरातून भागवायचं ठरवलंय. जुना चुंबक हायड्रोजनमध्ये ठेवला की त्याचा भुगा होतो आणि त्यापासून थेट नवा चुंबक करता येतो, म्हणजे ते शेकडो टप्पे टळतात. हे फार आशादायक वाटतं. पण मोटरमध्ये चुंबक गोंदाने पक्के बसवलेले असतात, ते मोठ्या संख्येने सोडवायचे कसे? भंगारात वेगवेगळ्या प्रतीचे चुंबक मिसळले तर डिस्प्रोशियमचं प्रमाण कसं जुळवतात?

अहवाल बरेच वाचून झालेत, त्यामुळे लिंकपेक्षा प्रत्यक्ष काम केलेल्यांचे चार शब्द मिळाले तर जास्त उपयोग होईल. सोमवारी तास आहे, त्या मुलीला पुढचं उत्तर द्यायचं कबूल केलंय.